गट नंबर एकशे सत्तेचाळीस

रविवारी सकाळी मी गावात पोचले तेव्हा दादांनी, माझ्या वडलांनी, मला चहाही पुरता पिऊ दिला नाही. "चल बाई, चौथं माणूस पायजे," असं म्हणून त्यांनी कापसाची वाळकी पऱ्हाटी उपटायचा लोखंडी चिमटा माझ्या हातात दिला आणि स्वतः कुदळ खांद्यावर टाकून पुढं निघाले. कपबशी मी उंबऱ्यावरच ठेवली.

आमचं गाव करमाडच्या पुढं, जालना रोड सोडून सहा किलोमीटर आत. गावाच्या मावळतीला आमची एकवीस घरांची वस्ती आणि वस्तीला लागून गायरान. सातबाऱ्यावर ते सरकारचं. माझ्या आजोबांच्या पिढीनं त्यातले दगड वेचून बांधाला लावले, बाभळी तोडल्या आणि बाजरी पेरली. तेव्हापासून आम्ही कसतो. दर काही वर्षांनी नोटीस यायची. दादा ती वस्तीला वाचून दाखवायचे, उत्तर लिहायचे, धुतलेला सदरा घालून तारखेला जायचे, आणि जून आला की पुन्हा पेरणी व्हायची. सातवी शिकलेले दादा वस्तीचे वकील होते. या वर्षीची तारीख वीस मे होती.

त्याआधी सीमेवर लढाई सुरू झाली. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आदेश निघाला. पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र यायचं नाही, फटाके वाजवायचे नाहीत, ड्रोन उडवायचं नाही, लढाईविषयी खातरजमा न केलेला मजकूर मोबाईलवरून पाठवायचा नाही. सोबत एक जोडपत्र होतं. आपत्कालीन साठ्यासाठी तात्पुरत्या ताब्यात घ्यायच्या मोकळ्या सरकारी जागांची ती यादी होती, आणि त्या जागांच्या सगळ्या सुनावण्या पुढच्या आदेशापर्यंत तहकूब होत्या. यादीत सत्तावीस नंबरला आमचं गायरान होतं.

दादांनी आदेश दोनदा वाचला आणि त्यातलं एकच वाक्य धरलं. "मोकळ्या जागा म्हणतेत ना? मंग मोकळी दिसू द्यायची नाय." रान दिवसभर कामात दिसलं पाहिजे आणि आत पाच माणसं होता कामा नयेत. म्हणून त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं पाळ्या लिहिल्या. उजाडल्यापासून मावळेपर्यंत दोन-दोन तास, एका वेळी चार माणसं. पऱ्हाटी उपटायची, धसकटं वेचायची, ढेकळं फोडायची. कुणी घोषणा द्यायची नाही, कुणी बसून राहायचं नाही.

"काम करणाऱ्याला जमाव म्हणत नसतेत," ते म्हणाले.

त्या सकाळच्या पाळीत दादा, आई, गोजरबाई आणि मी होतो. गोजरबाई सत्तरीच्या, आमच्या शेजारच्या. त्या वाकून धसकटं वेचायच्या त्या वाकलेल्याच राहायच्या, पुढं सरकायच्या तरी पाठ वर यायची नाही. मला शहरात राहून पंधरा वर्षं झाली होती. गारखेड्यात एक खोली, शहरातल्या सरकारी कार्यालयात टेबल, आणि टेबलावर मराठी टंकलेखन. अर्ध्या तासात माझ्या तळहाताला चिमट्याच्या दांड्यानं फोड आला. दादांनी तो बघितला आणि आपला रुमाल दांड्याला गुंडाळून दिला.

चिमट्यात पऱ्हाटीचं बूड धरायचं, दांडा खाली दाबायचा. जमीन इतकी वाळली होती की मूळ निघताना ढेकूळ घेऊनच वर यायचं. नऊ वाजताच ऊन मानेवर बसलं. शेंद्र्याकडून सायरनचा आवाज आला, लांबलेला. आम्ही चौघंही थांबलो. तो सरावाचा होता. गोजरबाईंनी कपाळावर हात धरून आभाळ बघितलं.

"लढाई तिकडं बॉर्डरीवर," त्या म्हणाल्या, "अन् मोजणी आमची इकडं."

रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली पोलिसांची गाडी उभी होती. आत जमादार होता. दर थोड्या वेळानं तो काच खाली करून आमच्याकडं बघायचा आणि वहीत काहीतरी लिहायचा. गोजरबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ओ जमादारसायेब! नीट मोजा बरं का! मी काय पोटुशी नाय, एकलीच हाये!"

आई पदर तोंडाला लावून हसली. जमादारही हसला असावा, कारण काच लगेच वर गेली.

बांधाच्या पलीकडं कडुबा काका उभे होते. दादांचे लहानपणापासूनचे सोबती. त्यांची जीप करमाड ते गाव अशी सवारी करते. शनिवारी त्यांनी पाण्याची घागर आत आणून दिली आणि ते पाचवे झाले. पोलिसांनी त्यांना उचललं, ठाण्याच्या ओट्यावर संध्याकाळपर्यंत बसवलं, आणि साठ दिवस कोणत्याही जमावात दिसणार नाही, दिसलो तर अटक मान्य आहे, असं लिहून त्यावर सही घेतली. उन्हात बसवल्यामुळं त्यांच्या टकलाची कातडी सोलली होती. त्यावर त्यांनी ओला टॉवेल टाकला होता.

"कडुबा, घागर ठिव अन् मागं सर," दादा ओरडले. "नायतर पुन्हा वरात निघंल तुझी."

"ठिवली," कडुबा काका म्हणाले. "पर पुंडलिकभाऊ, मला येक सांग. मी घागर घिऊन आलो तर पाकिस्तानला काय फायदा?"

"ते तुला कळलं आसतं तर तुला ठाण्यात कामून बशिवलं आसतं?"

"लई पाणी पाजलं बरं ठाण्यात. दोनदा. म्हनले, काका, तुम्ही चांगले हायेत, पर मोजणीत बसत नाय."

घागर बांधावरच राहिली. आई जाऊन घेऊन आली. मग कडुबा काका दहा पावलं मागं सरकले आणि जीपच्या सावलीत जाऊन बसले, जमादाराला दिसतील असे.

दहा वाजता पाळी बदलली. आमच्यातले दोघं बाहेर पडले तेव्हा नवे दोघं आत आले, मग उरलेले. दादांनी हे असंच बसवलं होतं. वस्तीत येऊन आम्ही लिंबाखाली भाकरी सोडली. दादांनी सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला आदेश काढला. गोजरबाईंना पुन्हा ऐकायचा होता. दादांनी चष्मा लावला आणि सगळा वाचला. वाचायची त्यांची एक चाल होती. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून ते समोरच्याकडं बघायचे, कळलं का अशा नजरेनं.

"मराठी लई चांगलंय," ते म्हणाले. "कुठं आडत नाय. कुणीतरी शिकलेल्या माणसानं लिव्हलेलं दिसतंय."

मी भाकरीचा तुकडा मोडत होते. तो मोडत राहिले.

त्या आदेशाचा मसुदा वरून आला होता, पण तो स्वच्छ मी केला होता. शुक्रवारी सगळ्यांच्या रजा रद्द होत्या, पंखे फिरत होते, कुणी जेवलं नव्हतं. यादी तालुक्यांवरून फोनवर, फॅक्सवर, कशीही येत होती. बद्रीनाथ भाऊसाहेब, आमचे अव्वल कारकून, एक-एक कागद माझ्यापुढं टाकत होते. मी विचारलं होतं, "भाऊसाहेब, या जागांवर कुणी कसत असेल तर? हरकतीला मुदत किती लिहायची?" ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "लढाईत हरकती घेत नसतात. ते वाक्यच काढ." मी ते वाक्य काढलं.

सत्तावीस नंबरला माझ्या गावाचं नाव आलं. पुढं गट नंबर एकशे चौऱ्याहत्तर लिहिला होता. एकशे चौऱ्याहत्तर म्हणजे आमच्या गावचा पाझर तलाव, उन्हाळ्यात कोरडा पडणारा. गायरान एकशे सत्तेचाळीस. तो आकडा मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ आहे. दादा अर्ज लिहिताना तो मोठ्यानं म्हणायचे आणि मी पाटीवर गिरवायचे. आकडे उलटे झालेत हे दिसलं आणि माझी बोटं चालली. मी ती चूक दुरुस्त केली. मग हात थांबले. काय केलं ते मला तेव्हाच कळलं, नंतर कळलं असं म्हणणार नाही. पण भाऊसाहेब पाठीशी उभे होते. "तुझ्या हातून चूक जात नाही बघ," ते म्हणाले आणि पुढचा कागद ठेवला. मी पुढचा कागद घेतला.

"निदान नंबर तरी चुकवायचा व्हता त्यान्ला," दादा आदेशाची घडी घालत म्हणाले. "गोजराक्का, आठवतं का? पंच्याण्णव सालच्या नोटिशीत नंबर चुकला व्हता. त्या चुकीवर आपण आकरा वर्सं पेरलं."

"आठवतं की. तू पेढे वाटले व्हते."

"गुळ वाटला व्हता. पेढ्याला पैसे कुठं व्हते?" मग ते माझ्याकडं वळले. "आमची सरू आसती न त्या टेबलावर, तर चुकविला आसता नंबर. का गं?"

सगळे हसले. माझं कार्यालय कोणतं हे त्यांना माहीत होतं. पण एवढ्या मोठ्या इमारतीत शेकडो टेबलं असतात अशी त्यांची समजूत होती, आणि ती खरी आहे. मी त्या वेळी बोलू शकले असते. आई पाणी ओतत होती, गोजरबाई चूळ भरत होत्या, दादा माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "दादा, उन्हात टोपी घालत जा."

दुपारी त्यांनी मला रस्त्यापर्यंत सोडलं. चालता चालता म्हणाले, "सैन्याला जागा पायजे आसंल तर आपण नाय म्हणणार नाय, बाई. पर आधी इचारावं. चाळीस वर्सं जी माणसं दिसली ती आता दिसत नाय म्हणतेत, ह्याचं वाईट वाटतं." कडुबा काकांची जीप आली. मी बसले. दादांनी दार बाहेरून दाबून लावलं, कारण ते आतून लागत नाही. "काम जपून करत जा. लढाईत कागद लई निघतेत," म्हणाले. काचेवर दोन बोटं वाजवून ते परत रानाकडं वळले.

सोमवारचं मी पाहिलेलं नाही. आईनं, गोजरबाईंनी आणि कडुबा काकांनी वेगवेगळं सांगितलं, ते जुळवून लिहिते.

वस्तीतली हातीपायी धड माणसं सोमवारी कंपनीत आणि मजुरीला गेली. दिवसा म्हातारी तेवढी उरली. बारा ते दोनची पाळी कुणी घेईना, म्हणून दादांनी ती घेतली. सोबत आई, गोजरबाई आणि त्यांची जाऊ भागूबाई. एक वाजायच्या सुमारास दादा कुदळ टेकवून उभे राहिले. त्यांच्या अंगाला घाम नव्हता. सकाळपासून सदरा ओला होता, तो वाळून कडक झाला होता. "सावली कुठं गेली?" त्यांनी आईला विचारलं. तिथं सावली नव्हतीच कधी. मग ते बसले आणि बसल्याबसल्या धसकटांवर कुशीला पडले.

आईनं घागर त्यांच्या डोक्यावर ओतली. तिघींनी मिळून उचलायला बघितलं. दादा हाडापेरानं मोठे होते. त्यांचा खांदा वर यायचा आणि कंबर जमिनीला राहायची. गोजरबाईंनी बांधाकडं तोंड करून हाक दिली. कडुबा काका जीपपाशी होते, साठ-सत्तर पावलांवर. ते धावत बांधापर्यंत आले आणि बांधावर थांबले.

"ये की मुडद्या! माणूस मरायलाय!"

"गोजराक्का, आत चौघं हायेत तुम्ही! मी पाचवा व्हईन! येकजण भाईर या, मंग येतो मी!"

गोजरबाईंनी शिव्या दिल्या, पण भागूबाईंना ते पटलं. कागदात होतं तसं चाललं होतं सगळं, तीन दिवस तसंच चाललं होतं. वस्तीला दादांनीच ते शिकवलं होतं: कागदात हाय तितकं करायचं, मंग आपल्याला कुणी हात लावत नाय. भागूबाई निघाल्या. त्यांचे गुडघे गेलेले. चप्पल ढेकळांत अडकायची. त्या बांधाकडं चालत होत्या आणि कडुबा काका बांधावरून हात पुढं करून उभे होते. त्यांचा हात धरून त्यांना पलीकडं घेतलं, आणि मग काका आत धावले.

जमादारानं गाडीतून हे सगळं पाहिलं. त्याला वाटलं पाळी बदलतेय. दादांना उचलताना पाहिल्यावर तो उतरला, पळत आला, आणि त्यानं दादांचे पाय धरले. तेव्हा आत पाच माणसं होती. कुणी मोजली नाहीत.

काकांची जीप करमाडला पोचायच्या आधीच दादा गेले. भागूबाईंच्या त्या चालण्यात किती वेळ गेला हे मी कुणाला विचारलं नाही. डॉक्टरांनाही विचारलं नाही. मी पोचले तेव्हा त्यांचं अंग अजून गरम होतं, तापल्या पत्र्यासारखं, आणि नखांत काळी माती होती. आईनं ती हेअरपिननं एकेक नख धरून काढली. मी शेजारी उभी राहून पाणी ओतलं.

संध्याकाळी बद्रीनाथ भाऊसाहेबांचा फोन आला. त्यांचा आवाज खरंच हळवा झाला होता. "सरिता, माणसांची काळजी करू नको. अंत्यविधी आणि नंतरच्या विधींना जमावबंदीतून सूट आहे. परिच्छेद नऊ. तूच केलंयस ना टाईप." मी हो म्हणाले.

मंगळवारी सकाळी करमाडपासून, शेंद्र्यापासून, शहरातून माणसं आली. तीन-चारशे असतील. दादांना नेताना वस्तीनं ठरवून गायरानातला रस्ता घेतला. तीन दिवस ज्या रानात चारांच्या वर पाऊल पडू द्यायचं नव्हतं, त्यातून सगळे मिळून चालले. कुणी आवाज केला नाही. धसकटं चपलांखाली मोडत होती, तेवढाच आवाज. जमादार टोपी काढून कडुनिंबाखाली उभा होता.

कडुबा काका खांदा द्यायला पुढं आले तेव्हा आईनं मान फिरवली. तेवढं पुरलं. दुसऱ्या एकानं ती जागा घेतली. त्या दिवसापासून वस्तीतलं कुणी त्यांच्या जीपमध्ये बसेना. पाहुण्यांना करमाडहून आणायला दुसऱ्या गावची रिक्षा बोलावली. काकांच्या घरून आलेली भाकरीची टोपली आईनं घेतली नाही. टोपली दारात राहिली आणि दुपारी त्यांची बायको ती परत घेऊन गेली. गुरुवारी मी पाण्याला गेले तेव्हा ते हौदावर बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "सरू, मी मोजत बसलो गं." मी हंडा भरला. हंडा डोक्यावर घेऊन मी निघून आले.

या काळात पाळ्या थांबल्या नाहीत. कॅलेंडरवर दादांच्या नावापुढं ज्या पाळ्या होत्या त्यांना आई जाऊ लागली. मला कार्यालयानं सात दिवसांची रजा दिली होती. मी दिवसातून दोन पाळ्या करत होते. चिमटा, दांडा, ढेकूळ. हातातला फोड फुटला आणि तिथं घट्टा आला. शुक्रवारी लढाई थांबल्याची बातमी आली. शहरात लोकांनी तिरंगे घेऊन गाड्या फिरवल्या म्हणे. आदेश मात्र साठ दिवसांचा होता. शनिवारी एका लांब गाडीवरून पोकलेन आलं आणि रस्त्याच्या कडेला उतरवून ठेवलं. चालक त्याच्या सावलीत झोपायचा. आमची चार माणसं आत दिसत होती तोवर त्याला काम नव्हतं. तो दोनदा आमच्याकडं पाणी मागायला आला, आणि आईनं ते दिलं.

सातव्या दिवशी, सोमवारी, शोकसभा ठेवली. ती गायरानातच घ्यायची असं आईनं ठरवलं. परिच्छेद नऊ मीच तिला समजावून सांगितला होता. चार बांबूंवर कापड बांधलं, एका टेबलावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली दादांचा आधारकार्डावरून मोठा केलेला फोटो. त्यात ते चोरासारखे दिसत होते, तरी दुसरा नव्हता. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील घेतलं. माणसं सतरंज्यांवर बसली होती, मागची ढेकळांवर. जमादार बांधावर उभा राहून मोबाईलनं चित्रण करत होता. त्याला तसं सांगितलेलं असणार. तलाठी त्याच्या शेजारी छत्री घेऊन.

मग दोन शब्द बोलायला एकेक जण उठला. दादांनी कुणाला रेशनकार्ड काढून दिलं, कुणाच्या मुलीचा दाखला, कुणाची पेन्शन. सरपंच बोलले. माझ्या चुलत भावानं सैन्याचं कौतुक करून मग दादांचं केलं. उकडत होतं, कापड हलत नव्हतं. आई तसबिरीकडं बघत होती.

सगळ्यांत मागून कडुबा काका उठले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते पुढं आले नाहीत, होते तिथंच उभे राहिले, टॉवेल दोन्ही हातांत पिळत.

"मला बोलता येत नाय," ते म्हणाले. "पुंडलिकभाऊ माझा भाऊ व्हता. तेव्हढं सांगून बसतो. नाय, तेव्हढं सांगून नाय बसत. मी बांधावर उभा व्हतो. मी मोजत बसलो. माझ्यामुळं झालं. तुम्ही मला जीपमधी बसू नका, बराबर हाये ते."

मग गोजरबाई पुढच्या रांगेतून म्हणाल्या, "आता सांगून काय उपयोग? त्याच टायमाला पाय उचलायचा व्हता," आणि चार-सहा बाया "व्हय, व्हय" म्हणाल्या. आईनं डोळे मिटले. काका खाली बसले नाहीत. आणखी कुणी काही म्हणेल आणि ते आपण उभ्यानंच ऐकावं अशा तयारीनं ते थांबले होते.

मी उठले. सूत्रसंचालन करणाऱ्यानं घाईनं माईक माझ्या हातात दिला, मुलगी बोलते आहे असं तो म्हणाला. जमादाराचा मोबाईल माझ्याकडं वळला. तलाठ्यानं मला ओळखलं. कार्यालयात आम्ही अधूनमधून भेटतो. या रानात मला आजवर कुणी बोलायला उभं केलं नव्हतं. मी माईक खाली ठेवला, कारण त्यात माझा श्वास ऐकू येत होता.

"कडुबा काका, खाली बसा," मी म्हणाले. "तुमची चूक नाही. तुम्ही कागद पाळला. तो कागद मी टाईप केला आहे. पाच माणसांचा नियम वरून आला, पण यादी माझ्या हातून गेली. त्या यादीत आपला गट चुकला होता. एकशे चौऱ्याहत्तर पडला होता, तलावाचा. तो तसाच राहिला असता तर दादांनी तो पहिल्याच दिवशी धरला असता, वीसची तारीख राहिली असती, आणि इथं कुणाला पाळ्या कराव्या लागल्या नसत्या. मी तो आकडा सुधारला. मला कुणी सांगितलं नव्हतं. सुधारल्यावर मला कळलं होतं, आणि परत बदलायला वेळही होता. रविवारी दादा म्हणाले, नंबर चुकायला पाहिजे होता. मी त्यांच्या शेजारी बसून भाकरी खात होते. मी त्यांना सांगितलं नाही. दादा, एकशे सत्तेचाळीस मी लिहिला."